सही कोणाची? घरकर्जाचं संकट आणि ढकलाढकली

(नागपुरात धरमपेठ भागातल्या एका वाचनालयात डिसेंबरमध्ये झालेलं व्याख्यान, बोललेलं तसंच ठेवून थोडं सावरलेलं.)

बसा मंडळी, पुढे खुर्च्या आहेत अजून, मागे उभं राहू नका. मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली शेवटची बारा-तेरा घरकर्जाच्या टेबलावर, म्हणून अर्थशास्त्राचा माणूस म्हणून नाही तर फाईल हाताळलेला माणूस म्हणून बोलणार आहे.

घरकर्जाची फाईल तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी भरली असेल. तिच्यात कर्ज घेणाऱ्याच्या किती सह्या असतात आठवतं का? अर्जावर, करारनाम्याच्या प्रत्येक पानाखाली, प्रॉमिसरी नोटवर, हप्ता खात्यातून आपोआप कापायच्या फॉर्मवर, वर सहा-सात चेक सही करून द्यायचे ते वेगळेच. माणूस सह्या करून करून थकतो, मध्येच पेन झटकतो, शेजारी बसलेली बायको म्हणते अहो वाचा तरी, आणि आमच्याकडचा पोरगा म्हणतो काकू, सगळ्यांचा हाच फॉरमॅट असतो. आता त्याच फाईलीत बँकेच्या, बिल्डरच्या, आर्किटेक्टच्या आणि मंजुरी देणाऱ्या ऑफिसच्या सह्या शोधा. असतात, पण मोजक्या असतात, आणि पुढे काही बिघडलं की त्या कोणालाच सापडत नाहीत. घेणाऱ्याच्या चाळीस सह्या मात्र लगेच समोर येतात. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की अमेरिकेत २००८ ला घरकर्जं बुडून जे संकट आलं त्याबद्दल वाचायला लागलो तेव्हा मला सगळीकडे हीच फाईल दिसायला लागली.

अमेरिकेचं उदाहरण का घेतो, तर तिथे रीतसर चौकशी झाली आणि कागद बाहेर आले. २००९ मध्ये दहा जणांचा आयोग नेमला, त्यांनी सातशेच्या वर साक्षीदारांशी बोलून जानेवारी २०११ मध्ये रिपोर्ट दिला. त्या दहातले सहा डेमोक्रॅट पक्षाने नेमलेले, चार रिपब्लिकनांनी. रिपोर्टच्या बाजूने मतं पडली सहा, विरोधात चार. विरोधातल्या चौघांपैकी तिघांनी एक वेगळं मत लिहिलं आणि एकाने एकट्याने आणखी वेगळं. साक्षीदार तेच, कागद तेच, आणि दोष कोणाचा हे ठरलं पक्षाप्रमाणे. मला ते वाचून फार वाईट वाटलं, कारण तोवर लाखो कुटुंबांची घरं गेली होती.

आता दोन्ही बाजूंचं म्हणणं बघू, दोन्हीत खरं किती ते पण बघू.

रिपब्लिकन बाजू म्हणत होती की सरकारनेच गरिबांना कर्ज द्यायला बँकांवर जबरदस्ती केली. बोट दाखवलं १९७७ च्या कायद्याकडे, राष्ट्राध्यक्ष कार्टरच्या काळातला, ज्यात म्हटलं होतं की ज्या वस्तीतून ठेवी घेता त्या वस्तीतल्या माणसांना कर्ज नाकारू नका. पण १९७७ चा कायदा, आणि बुडालं २००७-०८ ला, मधली तीस वर्षं काय झोपला होता का हा कायदा? आणि महागड्या व्याजाची जी कर्जं वाटली गेली त्यातल्या फक्त ६ टक्के कर्जांचा या कायद्याशी काही संबंध होता, हे आयोगाच्याच रिपोर्टमध्ये आहे. सबप्राइम कर्जं, म्हणजे फेडीची खात्री कमी असलेल्यांना दिलेली कर्जं, वाटणाऱ्या बऱ्याच कंपन्या बँका नव्हत्याच, त्यांना हा कायदा लागूच नव्हता. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या बँकांकडून घरकर्जं विकत घेणाऱ्या दोन संस्थांचा दोष मात्र खरा आहे. नफा भागधारकांचा आणि बुडलं तर भरपाई जनतेची अशी त्यांची रचना, त्यांना वेसण घालायचा विषय निघाला की दोन्ही पक्षांतले लोक आडवे यायचे, शेवटी ७ सप्टेंबर २००८ ला सरकारला त्या ताब्यात घ्याव्या लागल्या. पण सगळ्यात सडकी कर्जं बांधून विकली ती वॉल स्ट्रीटच्या खाजगी फर्मांनी, या दोघी तिथे उशिरा पोचल्या.

डेमोक्रॅट म्हणत होते की बुशच्या राज्यात नियम सैल केले, वॉल स्ट्रीटला मोकळं सोडलं. यात पण खरं आहे. पण ठेवी घेणारी बँक आणि शेअर-रोख्यांचा धंदा यांच्यामधली १९३३ सालची भिंत ज्या कायद्याने पाडली तो नोव्हेंबर १९९९ चा आणि त्यावर सही डेमोक्रॅट क्लिंटनची, सिनेटमध्ये ९० विरुद्ध ८ मतांनी पास झालेला. म्हणजे दोन्ही पक्षांनी हात वर केले होते. त्याच्या आदल्या वर्षी ब्रुक्सली बॉर्न नावाच्या बाई एका सरकारी नियामक संस्थेच्या प्रमुख होत्या, त्या म्हणत होत्या की डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे कर्ज-रोख्यांच्या भावावर लावलेल्या सौद्यांच्या, या अंधाऱ्या बाजारावर कोणाची तरी नजर पाहिजे. त्यांना गप्प केलं क्लिंटनच्याच अर्थखात्याने आणि फेडच्या, म्हणजे त्यांच्या रिझर्व्ह बँकेच्या, प्रमुख ग्रीनस्पॅनने मिळून, आणि २००० साली कायदाच केला की या बाजाराला हात लावायचा नाही. मग बुश आले, त्यांनी २००२ मध्ये अल्पसंख्याकांची ५५ लाख नवी घरं होतील अशी घोषणा केली. घर असणं चांगलंच, मी कोण त्याला नाही म्हणणारा, पण पगार वाढत नसताना घर द्यायचं तर कर्जानेच द्यावं लागतं, आणि त्या कर्जाची तपासणी करणारी माणसं त्याच सरकारने मागे खेचली. नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया अशा काही राज्यांनी लुबाडणाऱ्या कर्जांविरुद्ध आपापले कायदे केले होते, तर २००४ मध्ये वॉशिंग्टनच्या बँक नियामकाने सांगितलं की राष्ट्रीय बँकांना हे राज्यांचे कायदे लागू नाहीत. आपल्याकडे समजा ग्रामपंचायतीने विहिरीवर कठडा बांधायला घेतला आणि वरून पत्र आलं की विहीर आमच्या अखत्यारीत आहे, कठडा काढा, आणि पत्र पाठवणाऱ्याने स्वतः पण बांधला नाही, तसंच हे.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते सांगतो, आणि यावर दोन्ही पक्ष फार बोलत नाहीत. १९९४ मध्ये एक कायदा झाला होता ज्याने फेडला अधिकार दिला की घरकर्जात फसवणूक दिसली तर नियम करा, कर्ज देणारी बँक असो की नसो, सगळ्यांना लागू. पेन दिलं, कागद दिला, शिक्का दिला. एडवर्ड ग्रॅमलिक नावाचे फेडचेच एक गव्हर्नर, ते २००० च्या सुमाराला ग्रीनस्पॅनकडे गेले की बँकांच्या या कर्ज देणाऱ्या उपकंपन्यांत तपासनीस पाठवू या. ग्रीनस्पॅनना ते पटलं नाही. त्या १९९४ च्या अधिकाराचे ठोस नियम फेडने केले जुलै २००८ मध्ये. चौदा वर्षं! ग्रॅमलिक तोवर वारले होते, सप्टेंबर २००७ मध्ये. आणि २३ ऑक्टोबर २००८ ला ग्रीनस्पॅन संसदेच्या कमिटीपुढे बसून म्हणाले की कर्ज देणाऱ्या संस्था आपलं हित स्वतःच सांभाळतील हे मी धरून चाललो, ती माझी चूक होती.

त्या संस्थांनी काऊन नाही सांभाळलं? कारण कर्ज त्यांच्याकडे राहतच नव्हतं. दलालाला कमिशन कर्ज झालं की लगेच, कंपनी ते कर्ज विकून मोकळी, वॉल स्ट्रीटवाले हजारो कर्जांचा गठ्ठा बांधून त्याचे रोखे काढणार, आणि तो रोखा किती सुरक्षित याचं रेटिंग देणाऱ्या एजन्सीला फी देणार कोण, तर जो रोखा विकतोय तोच. २००६ साली मूडीज या एकट्या एजन्सीने कामाच्या दर दिवशी अशा ३० रोख्यांवर ट्रिपल ए चा, म्हणजे सगळ्यात सुरक्षित असा, शिक्का मारला, त्यातले ८३ टक्के नंतर खाली आणावे लागले. ज्याच्या घरावर हे सगळं उभं, त्याचं कर्ज कसं, तर पहिली दोन वर्षं व्याज ठरलेलं आणि पुढची अठ्ठावीस बाजाराप्रमाणे. फेडने व्याजदर २००३ मध्ये १ टक्क्यावर आणला होता, तो जून २००६ पर्यंत सव्वापाचवर गेला, आणि ज्यांची दोन वर्षं संपली त्यांचे हप्ते एकदम फुगले.

आणि मग दोष कोणाला? ऐपत नव्हती तर घर घेतलं कशाला. फेब्रुवारी २००९ मध्ये ओबामांनी बुडणाऱ्या घरमालकांसाठी योजना जाहीर केली, दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या सट्टाबाजाराच्या फ्लोअरवरून एक टीव्हीवाला ओरडून विचारत होता की शेजाऱ्याचा हप्ता तुमच्यातलं कोण भरणार, आणि आजूबाजूचे ट्रेडर नाही नाही म्हणून ओरडत होते. त्याच्या चार महिने आधी बँकांसाठी ७०० अब्ज डॉलरचा कायदा झाला होता. कर्जदारांनी खोटं लिहिलं नाही असं मी म्हणत नाही, काहींनी उत्पन्न वाढवून लिहिलं, पण खूपदा तो आकडा दलालच भरायचा, आणि तपासायचं काम ज्याचं तो पगारच तपासणी न करण्याचा घेत होता. ज्याच्या हातात थांबवायची ताकद जास्त, त्याची जबाबदारी जास्त, असं मी मानतो. घेणाऱ्याच्या हातात काय होतं, फक्त नाही म्हणणं, ते पण सगळं गाव घर घेऊन राहिलं असताना.

आपल्याकडे तसं काऊन नाही झालं हे विचारतात लोक. एक मोठं कारण रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर वाय. व्ही. रेड्डी. २००४ च्या शेवटी त्यांनी घरकर्जावरचा रिस्क वेट ५० वरून ७५ टक्के केला, आणि बिल्डरांच्या कर्जावरचा १०० चा १२५ आणि मग १५०. म्हणजे अशी कर्जं द्यायची तर बँकेने स्वतःचं भांडवल जास्त अडकवायचं. तेव्हा आम्ही बँकवाले पण कुरकुरायचो, टार्गेट कसं गाठायचं म्हणून. आज म्हणतो की ज्याच्या हातात पेन होतं त्याने ते वेळेवर उचललं.

पण म्हणून आपण सुटलो असं नाही. फ्लोटिंग रेटचं, म्हणजे बदलत्या व्याजाचं, गणित बघा. समजा कोणी २५ लाख घेतले, पावणेसात टक्के, २० वर्षं, हप्ता १९ हजारांच्या आसपास. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ मध्ये रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, ४ चा साडेसहा झाला, अडीच टक्के चढला, तुमचं व्याज सव्वानऊ. ताज्या कर्जावर नुसतं व्याजच महिन्याला १९,२७० रुपये. म्हणजे हप्ता तोच ठेवला तर मुद्दल एका रुपयाने कमी होत नाही, उलट वाढतं! लोकांना मेसेज यायचा की मुदत वाढवली, लोक म्हणायचे बरं झालं हप्ता नाही वाढला. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२३ मध्ये सांगितलं की कर्जदाराला नीट कळवा, पर्याय द्या, आणि मुदत अशी ताणू नका की मुद्दलच वाढत जाईल. घरी गेल्यावर तुमचं स्टेटमेंट काढा, मुद्दलाचा रकाना बघा.

आणि नागपूरचं तर काय सांगू. १९०० लेआउट, म्हणजे शहरातले ते मंजुरी नसलेले लेआउट, म्हटलं की इथे वेगळं समजवावं लागत नाही. शेतकऱ्याकडून जमीन घेतली, चुन्याच्या रेघा मारल्या, सोसायटीच्या नावाने प्लॉट विकले, जमीन बिगरशेती केल्याचा एनए नाही, प्लॉट नियमित झाल्याचं आरएल पत्र नाही, गटार नाही. माणसाने आयुष्याची कमाई घातली. गुंठेवारीचा कायदा २००१ मध्ये आला, डिमांड भरा आणि नियमित करा. दर निवडणुकीला आरएल देऊ हे आश्वासन, दर अधिवेशनात आधीच्या सरकारचं नाव. पण लेआउट पडत असताना, चुन्याच्या रेघा ओल्या असताना, थांबवायचा अधिकार कोणाकडे होता हे कोणी विचारत नाही, कारण त्याचं उत्तर दोन्हीकडे जातं.

आता माझी गोष्ट. केस सुरू आहे म्हणून नावं घेत नाही.

२०१२ चा मार्च होता. बेसाकडच्या एका स्कीममध्ये एसटीतल्या एका कंडक्टर भाऊंनी टू बीएचके बुक केला होता, १४ लाखांचं कर्ज. बांधकामाच्या टप्प्याप्रमाणे पैसे सोडायचे अशी पद्धत. बिल्डरने आर्किटेक्टचं सर्टिफिकेट पाठवलं, पाचवा स्लॅब पूर्ण, सोबत एक फोटो. साईटवर जाऊन बघायचं होतं. मार्च एंड, टेबलावर फाईलींचा ढीग, टार्गेट अपुरं, मी गेलो नाही. फोटो फाईलीला लावला आणि डिस्बर्समेंट व्हाउचरवर सही केली. मे महिन्यात दुसऱ्या कामाने तिकडून गेलो तेव्हा स्कूटर थांबवून मोजले. तीन स्लॅब होते. फोटो दुसऱ्याच बिल्डिंगचा. मी वर कळवलं, तर म्हणे आता वसुलीत अडचण नको, हप्ता तर येऊन राहिला ना. आणि मी गप्प बसलो.

बिल्डिंग आजही तशीच आहे, तीन स्लॅबवर, सळया गंजलेल्या. बिल्डर म्हणतो मंजुरी अडली, मंजुरीवाले म्हणतात नकाशा बदलला, भूमिपूजनाला नारळ फोडलेले नेते म्हणतात नंतर आमची सत्ता नव्हती, बँक म्हणते तुम्ही सही केलीय. कंडक्टर भाऊ हप्ता पण भरतात आणि भाडं पण. २०१७ मध्ये रेरा, म्हणजे बिल्डरांवर नजर ठेवणारा कायदा, आला तेव्हा ते फार आशेने माझ्याकडे आले होते. दर एप्रिलला शाखेत यायचे, प्लॅस्टिकच्या पिशवीत सगळे कागद, एकही हरवलेला नाही.

मी रिटायर झालो त्या वर्षी ते घरी आले. चहा घेतला आणि विचारलं, साहेब, माझ्या तर चाळीस सह्या आहेत, पैसे ज्या कागदावर सुटले त्यावर कोणाची आहे? मी सांगितलं, माझी. ते काही बोलले नाहीत, कप खाली ठेवला, बराच वेळ पिशवीची गाठ सोडत-बांधत बसले. मग म्हणाले, हे तुम्ही तिथे सांगाल का.

त्यांनी ग्राहक आयोगात बिल्डर आणि बँक दोघांनाही पार्टी केलंय. माझं शपथपत्र दिलंय, त्यात तीन स्लॅबचं लिहिलंय आणि मे महिन्यापासून गप्प बसल्याचं पण. पुढची तारीख जानेवारीत आहे, सिव्हिल लाइन्सला, साडेदहाला. मी जाणार आहे.