घंटाघर पडलं, भरपाई कोणी द्यायची?

दिल्लीच्या चांदणी चौकात, टाऊन हॉलसमोर, एक घंटाघर होतं. स्वातंत्र्यानंतर काही वर्षांतच ते भर बाजारात कोसळलं. ढिगाऱ्याखाली सापडून माणसं गेली आणि त्यांच्यापैकी तिघांच्या वारसांनी नुकसानभरपाईचे दावे लावले. घंटाघराची मालक होती नगरपालिका.

नगरपालिकेचा बचाव आपल्याही ओळखीचा आहे. वरून सगळं ठीक दिसत होतं, दोष आत होता, आम्हाला कळणार कसा?

मग इंजिनिअरची साक्ष झाली. इमारत होती 80 वर्षांची. वरच्या मजल्यातल्या चुन्याच्या मसाल्याचं आयुष्य मात्र 40 ते 45 वर्षांचं. विटांना धरून ठेवणारा तो चुना पार भुसभुशीत झाला होता. त्यात चिकटपणा नावाला उरला नव्हता. इमारतीला इतकी वर्षं झाल्यावर ती वेळोवेळी नीट तपासून घेणं हे मालकाचं कामच होतं.

1966 साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. रहदारीच्या रस्त्यालगतची इमारत मोडकळीला येऊन कुणाच्या अंगावर पडली, तर मालक जबाबदार. दोष उघड असो की आत दडलेला. शिवाय अशी इमारत पडली, यातच हलगर्जीपणा दिसतो; तो नव्हता हे मालकाने दाखवायचं.

आता मुंबईत या. महापालिकेच्या कायद्यात कलम 353ब आहे. इमारतीला 30 वर्षं झाली की नोंदणीकृत इंजिनिअरकडून स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्यायचं. प्रत्यक्षात काय होतं? जिन्याखालचा स्लॅब फुगतो, गंजलेल्या सळ्या बाहेर डोकावतात, आणि सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठराव होतो, ‘तूर्त प्लॅस्टर मारून घेऊ.’ पागडीच्या चाळीत तर आणखी मजा. मालक म्हणतो, या भाड्यात दुरुस्ती परवडत नाही. भाडेकरू म्हणतात, बिल्डिंग तुमची, तुम्हीच बघा. खालून जाणाऱ्याला यातलं काहीच ठाऊक नसतं.

दाराशी ‘इमारत धोकादायक आहे’ अशी पाटी लावली म्हणजे सुटलो, असं कुणी समजू नये. धोका मालकाला माहीत होता, हे ती पाटीच सांगते.

अशा अपघातात घरचं माणूस गेलं, तर 1855 च्या प्राणांतिक अपघात कायद्याखाली दावा लावता येतो. मुदत मृत्यूच्या तारखेपासून दोन वर्षं. ढिगारा मात्र दोन दिवसांत उचलला जातो, म्हणून फोटो आणि पंचनाम्याची प्रत आधी हातात घ्या.