चिकनगुनियाने डास बदलला त्याची गोष्ट

पुण्यात पावसाळा सरता सरता प्रत्येक सोसायटीत कोणीतरी कठडा धरून, एकेक पायरी करत जिना उतरताना दिसतंच, आणि आपण न विचारताच सांगतो, चिकनगुनिया.

हा व्हायरस मूळचा आफ्रिकेतला. १९५२ मध्ये टांझानियात साथ आली, १९६३ ला कोलकात्यात, १९७३ ला आपल्या बार्शीत, आणि नंतर तीस-बत्तीस वर्षं जवळजवळ गायबच. मग २००५-०६ ला आंध्र, कर्नाटक, इकडे मालेगाव, एकट्या २००६ मध्ये देशात जवळपास १४ लाख संशयित पेशंट! सगळ्यांना वाटलं जुनाच परत आला, पण पुण्यात आंबेडकर रोडवरच्या एनआयव्हीत, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेत, नमुने तपासले तर हा बार्शीवाला एशियन प्रकार नव्हताच, थेट आफ्रिकेतला वेगळा वंश निघाला.

आता खरी गंमत. ह्याचा जीनोम, म्हणजे सगळी जनुकीय माहिती, आरएनएचा, साधारण ११,८०० अक्षरांचा, आणि कॉपी होताना चुका दुरुस्त करायची सोय नाही, त्यामुळे चुका होतच राहतात आणि बहुतेक वाया जातात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एक चूक टिकली. तिथे हा आजार पसरवणारा आपला शहरी डास, एडिस इजिप्ती, फारसा नाही, त्याचा भाऊबंद एडिस अल्बोपिक्टस भरपूर. व्हायरसच्या आवरणातल्या ई-१ प्रोटीनमध्ये, म्हणजे अमिनो आम्लांच्या साखळीत, २२६ नंबरला अ‍ॅलनिनच्या जागी व्हॅलिन आलं, बस एवढंच, आणि तो अल्बोपिक्टसमध्ये जोरात वाढायला लागला. बेटावरच्या साधारण एक तृतीयांश लोकांना लागण झाली.

भारतात २००६ ला हा बदल नव्हता. २००७ ला केरळात दिसला, जिथे रबराच्या मळ्यांत चिकाच्या वाट्यांमध्ये पाणी साठतं आणि अल्बोपिक्टसची चंगळ असते. तो रियुनियनहून आला नव्हता बरं का, इथेच नव्याने झाला! म्हणून ‘व्हायरस हुशार झाला’ छाप हेडलाइन मला काही पटत नाहीत, तो काहीच ठरवत नाही, कुठली चूक टिकणार ते तिथला डास ठरवतो. आणि जुना एशियन वंश आग्नेय आशियात अल्बोपिक्टसच्या शेजारी कित्येक वर्षं राहिला तरी त्याला हे जमलं नाही, कारण ई-१ मध्येच ९८ नंबरला असलेला आधीचा एक बदल आडवा येत होता.

मग आपल्याकडे काय? शहरात कूलर, कुंड्यांखालच्या ताटल्या, बांधकामांवरच्या टाक्या, म्हणजे राज्य इजिप्तीचं, तिथे २२६ च्या बदलाचा विशेष फायदा नाही. पण २०१० ला दिल्लीच्या नमुन्यांत दोन वेगळेच बदल सापडले, ई-१ मध्ये २११ ला आणि ई-२ ह्या आवरणातल्याच दुसऱ्या प्रोटीनमध्ये २६४ ला, आणि लॅबमध्ये हे दोन्ही एकत्र असलेला व्हायरस इजिप्तीमध्ये जास्त चांगला वाढतो असं दिसलं.