कोठारानं राखलेलं चॅपल

इंग्लंडच्या एसेक्स परगण्यात, ब्रॅडवेल-ऑन-सी गावाबाहेर गाडी ठेवायची आणि शेतांमधून समुद्राकडे चालू लागायचं. दोन्ही बाजूंना सपाट रानं, पुढे खाजण, त्यापलीकडे उत्तर समुद्र. सुमारे ८०० मीटर चाललं की वाट संपते, आणि तिथे एकटीच उभी असते ही उंच, साधी दगडी इमारत. सेंट पीटर-ऑन-द-वॉल हे चॅपल, म्हणजे छोटं ख्रिस्ती प्रार्थनाघर.

शिखर नाही, मनोरा नाही. पहिल्यांदा बघणाऱ्याला हे शेतकऱ्याचं कोठारच वाटेल. आणि त्याचं फारसं चुकणारही नाही.

आधी मूळ गोष्ट. इसवी सन ६५३ मध्ये पूर्व सॅक्सनांचा राजा सिगबर्ट ख्रिस्ती झाला आणि त्यानं आपल्या लोकांसाठी धर्मोपदेशक मागवले. आले ते सेड, उत्तरेकडच्या लिंडिस्फार्नच्या मठात घडलेले. त्यांनी जागा निवडली ती ओथोना या पडक्या रोमन किल्ल्याची. समुद्रावरून येणाऱ्या हल्लेखोरांना रोखायला तिसऱ्या शतकात बांधलेला हा किल्ला तोवर ओस पडला होता. सेड यांनी बरोबर त्याच्या तटावर, जिथे दरवाजा होता तिथे, पाया धरला. दगड शोधायला लांब जावं लागलं नाही.

भिंतीजवळ या. हात लावून बघा. ओबडधोबड दगडांच्या मधूनच लाल, पातळ विटा डोकावतात. त्या रोमन विटा. सैनिकांसाठी भाजलेल्या या विटा प्रार्थनेच्या भिंतीत बसल्या, त्याला आता साडेतेराशेहून जास्त वर्षं झाली.

सेड ६६४ मध्ये यॉर्कशरमधल्या लास्टिंगहॅमला प्लेगनं गेले. इतिहासकार बीड लिहितात, की ही बातमी कळल्यावर एसेक्समधल्या त्यांच्या मठातले सुमारे तीस जण त्यांच्या समाधीजवळ राहायला निघाले. तिथे पोचल्यावर त्यांनाही प्लेगनं गाठलं. वाचला तो एक लहान मुलगा. हे वाचताना आजही गळा दाटून येतो.

इथे मात्र पुढच्या शतकांत प्रार्थना थांबली. वेदीमागचा अर्धगोल भाग पडला, पुढची देवडी गेली. उरलेल्या दालनात शेतकऱ्यांनी धान्य भरलं. आता लांबच्या भिंतीकडे बघा: मधोमध एका मोठ्या दाराचा आकार दिसतो, नंतर बुजवलेला. इथून बैलगाडीसारख्या अवजड गाड्या आत जायच्या. कुणाला हा अपमान वाटेल. मला तसं वाटत नाही. ज्याचा रोज उपयोग होतो त्याचं छप्पर शाकारलं जातं, गळती थांबवली जाते. बाकीचा किल्ला बराचसा समुद्रानं गिळला किंवा त्याचे दगड लोकांनी उचलून नेले. कोठार मात्र टिकलं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याची खरी ओळख पटली आणि १९२० मध्ये डागडुजी करून ते पुन्हा उपासनेसाठी उघडलं. आतल्या वेदीत तीन दगड बसवलेत: एक लिंडिस्फार्नचा, एक स्कॉटलंडजवळच्या आयोना बेटाचा, एक लास्टिंगहॅमचा. सेड जिथून आले, त्यांच्या गुरूंची परंपरा जिथली, आणि त्यांनी जिथे देह ठेवला, त्या तीन जागा.

दर जुलैमध्ये इथे यात्रा भरते, लोक गावातून याच वाटेनं चालत येतात. तुम्ही कधीही आलात तरी लगेच आत शिरू नका. आधी बाहेरून एक फेरी मारा आणि ते बुजवलेलं दार शोधा.