खाडा पडू दे

नमस्कार श्रोतेहो.

राधानगरीच्या बाजूच्या एका जिल्हा परिषद शाळेत मी पुष्कळ वर्षं शिकवलं. तिथली ऑगस्टमधली एक दुपार तुम्हाला सांगते. पत्र्यावर पाऊस कोसळत होता. मुलांचे कपडे अर्धे ओले, अर्धे अंगावरच वाळलेले. मधल्या सुट्टीत खिचडी वाढून झाली, तेव्हा तिसरीतल्या एका मुलीचं ताट तसंच भरलेलं दिसलं. ही मुलगी एरवी सगळ्या वर्गाच्या वर आवाज चढवून पाढे म्हणायची. त्या दिवशी हजेरीला तिने "हजर" म्हटलं ते मला ऐकूसुद्धा आलं नव्हतं. जवळ जाऊन पाठीवर हात ठेवला, तर अंग निखाऱ्यासारखं तापलेलं.

मी म्हटलं, "चल, तुला घरी सोडते." तर ती रडायलाच लागली. "बाई, मला घरला धाडू नगासा. माझं सर्टिफिकेट जाईल."

सर्टिफिकेट शंभर टक्के हजेरीचं. जूनमध्ये पहिल्या पालकसभेत मीच जाहीर केलं होतं, की वर्षभरात ज्याचा एकही खाडा पडणार नाही त्याला प्रमाणपत्र आणि कंपासपेटी मिळेल. शेजारच्या गुरुजींना वर्ग बघायला सांगून मी तिला छत्रीतून घरी नेलं. आई भाताची भांगलण सोडून चिखलाच्या पायांनी धावत आली. सकाळी नऊला तापाचं औषध पाजून, ताप उतरल्यावर तिने लेकीला शाळेत धाडलं होतं. मी जरा रागानेच विचारलं, "अहो, ताप होता तर पाठवली कशाला?" ती माऊली माझ्याकडे बघत म्हणाली, "बाई, तुमीच म्हणला हुता न्हवं, एक बी खाडा नगं म्हणून."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. पुढच्या आठवड्यात वर्गातली आणखी सहा मुलं तापाने आडवी झाली.

हजेरीचा आग्रह मुळात चुकीचा नाही. आम्हा कोल्हापूरकरांना तर त्याचं मोल कुणी समजावून सांगायला नको. शाहू महाराजांनी 1917 साली संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला महिन्याला 1 रुपया दंड ठेवला. त्या काळात रुपया म्हणजे चेष्टा नव्हती. पोर गुरांमागे जायचं, धाकट्या भावंडाला सांभाळायचं, त्याला तिथून उठवून शाळेत आणून बसवायचं होतं. पुढे राज्य सरकारने दुर्बल घटकांतल्या प्राथमिक शाळेतल्या मुलींना हजर दिवसाला 1 रुपया उपस्थिती भत्ता देऊ केला, तोही याच कारणाने. दंडाचा रुपया काय आणि भत्त्याचा रुपया काय, दोन्ही मुलींना-मुलांना शाळेपर्यंत आणण्यासाठी होते.

पण गुरांमागे गेलेल्या मुलाचा खाडा आणि तापाने फणफणलेल्या मुलाचा खाडा हजेरीच्या कॅटलॉगमध्ये सारखाच दिसतो. दोघांसाठी खूण एकच. महिनाअखेरीस सरासरी काढायची, ती वर कळवायची, मुख्याध्यापकांनी विचारायचं, केंद्रप्रमुखांनी विचारायचं. मग शिक्षक मुलांवर ओरडतो, मूल घरी जाऊन आईला सांगते, आणि आई सकाळी औषधाची बाटली हातात घेते.

आता जरा हिशोब करू. शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीला वर्षात किमान 200 कामाचे दिवस, सहावी ते आठवीला 220. जिथे जिथे हजेरीची अट असते तिथे ती साधारण 75 टक्क्यांची असते. दहावीच्या बोर्डालाही तेवढीच. म्हणजे 200 दिवसांत 50 दिवस हातात राहतात. तिसरीतली मुलगी तापाने चार दिवस घरी राहिली तरी 98 टक्के हजेरी भरते. शिवाय पहिली ते आठवीच्या कुठल्याही मुलाचं नाव शाळेला कायद्याने काढून टाकता येत नाही. तेव्हा "नाव काढतील", "पेपरला बसू देणार नाहीत" ही धास्ती चार दिवसांच्या आजारपणासाठी मनात ठेवू नका. शंभर टक्क्यांचा हट्ट कायद्याने धरलेला नाही. तो आम्ही शाळांनी धरला.

ताप उतरवून मूल शाळेत पाठवणं फसवं का असतं, तेही सांगते. तापाचं औषध, म्हणजे पॅरासिटामॉल, अंग थंड करतं, आजार बरा करत नाही. त्याचा असर चार ते सहा तास. नऊला दिलं की एक-दोनच्या सुमाराला ताप परत वर येतो, आणि तेव्हा मूल वर्गात, ओल्या सतरंजीवर, चाळीस जणांच्या गर्दीत असतं. त्याला नीट सांगताही येत नाही, कारण खाड्याची भीती त्याच्याही पोटात असते. म्हणून साधा नियम धरा: औषध न देता पूर्ण 24 तास ताप आला नाही, तरच शाळा. जुलाब किंवा उलट्या झाल्या असतील तर थांबल्यापासून दोन दिवस तरी घरी.

कांजिण्या, गोवर, गालफुगी यांचं वेगळं आहे. कांजिण्यांचा शेवटचा फोड वाळून खपली धरेपर्यंत मूल दुसऱ्याला लागण देऊ शकतं. गोवरात तर पुरळ दिसायच्या चार दिवस आधीपासून पुरळ उठल्यानंतर चार दिवसांपर्यंत लागण होते, आणि गोवर झालेलं मूल खोलीतून निघून गेलं तरी विषाणू दोन-दोन तास हवेत राहतो. 2022 च्या शेवटी मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांमध्ये गोवर कसा पसरला, ते आपण पाहिलं. गालफुगीला सूज आल्यापासून पाच दिवस. आणि डोळे येणं! 2023 च्या जुलैत आळंदी परिसरात शाळकरी मुलांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता राज्यभर घराघरात लाल डोळे दिसू लागले. आपल्या आज्या कांजिण्या झालेल्या मुलाला कडुनिंबाचा पाला अंथरून खोलीत ठेवायच्या, परक्याला आत येऊ द्यायच्या नाहीत. त्यांची कारणं वेगळी असतील, देवीचा कोप वगैरे. पण मूल वेगळं राहायचं, निजून राहायचं, आणि कुणी त्याला "शाळा बुडाली" म्हणायचं नाही, हे मात्र व्हायचं.

डेंग्यूबद्दल थोडं सविस्तर बोलते, कारण इथे चांगले शिकलेले आईवडीलही चुकतात. डेंग्यू एकाकडून दुसऱ्याला थेट लागत नाही, तो डासातून येतो. म्हणून "दुसऱ्यांना धोका नाही, ताप गेलाय, पाठवूया" असं वाटतं. पण डेंग्यूत खरी जोखीम ताप उतरल्यावर सुरू होते. साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या मध्ये ताप एकदम कमी होतो, घरात सगळ्यांना हायसं वाटतं, आणि नेमके त्याच्या पुढचे एक-दोन दिवस डोळ्यांत तेल घालून बघायचे असतात. पोटात खूप दुखणं, उलट्या न थांबणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, हातपाय गार पडणं, मूल पेंगुळणं, लघवी कमी होणं, यातलं एकही दिसलं तर तडक दवाखाना. आता कल्पना करा, त्याच दिवशी मूल पाच किलोचं दप्तर घेऊन कवायतीला उभं आहे. वर्गात साठ डोळे आहेत, पण त्या एका मुलाकडे बघायला मोकळे डोळे कुणाचे?

आणि कुठलाही ताप तीन दिवसांपलीकडे गेला, झटका आला, श्वास भराभर चालू लागला, पाणीसुद्धा पोटात टिकेना, तर घरी थांबून वाट बघू नका. औषधाचं माप मुलाच्या वजनावर ठरतं, ते डॉक्टरांकडून एकदा लिहून घ्या. शेजारच्या पोराचा डोस आपल्या पोराला नको. जुलाबात क्षारसंजीवनीचं, म्हणजे ओआरएसचं, मोठं पाकीट एक लिटर पाण्यात, पूर्ण एक लिटर. पाकीट नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि त्याच चमच्याने अर्धा चमचा मीठ. बाकी पेज, गुरगुट्या भात, वरून थोडं तूप-मीठ, आणि झोप. मुलाला झोपू द्या. मोबाइल हातात देऊन दिवस काढला तर ते विश्रांती घेत नाही, नुसतं गप्प बसतं.

हे सगळं सांगताना मला ती भांगलण सोडून आलेली आई आठवते. तिने लेकीला पाठवलं ते फक्त माझ्या सर्टिफिकेटसाठी नव्हतं. घरी ठेवली असती तर तिच्याजवळ थांबलं कोण असतं? दिवसाची मजुरी बुडाली असती. सरकारी नोकरीतल्या महिलेला आपल्या राज्यात बालसंगोपन रजा आहे, एकूण 180 दिवसांची. धुणीभांडी करणाऱ्या बाईला, दुकानात उभं राहणाऱ्या मुलीला, ऊसतोडीच्या टोळीतल्या आईला काय आहे? आणि काही घरांत मुलाच्या दुपारच्या पोटभर जेवणाचा भरवसाही शाळेच्या खिचडीवरच असतो. तेव्हा आजारी मूल शाळेत आलं की आईला बेजबाबदार म्हणून मोकळं होऊ नये. नवऱ्याने एक दिवस थांबावं, सासूने, जावेने, शेजारणीने दोन तास बसावं. हे मी पुरुषांना मुद्दाम सांगते आहे. मुलाच्या कपाळावर ओली पट्टी ठेवायला आईचाच हात लागतो असं नाही.

आता आमच्या बाजूची एक अडचण. यात्रेला गेले, मामाच्या लग्नाला गेले, तरी अर्जात लिहिलेलं असतं "पाल्यास ताप आला होता". वर्षानुवर्षं असे अर्ज वाचून शिक्षकाचा खऱ्या तापावरचाही विश्वास उडतो. मग शाळा एका दिवसाच्या तापालाही डॉक्टरचं सर्टिफिकेट मागते. तो कागद आणायला निजायचं मूल दवाखान्याच्या बाकड्यावर दोन तास ताटकळतं, आईचे तपासणीचे पैसे जातात, आणि शेजारी बसलेल्या दुसऱ्या पोराचा खोकला घेऊन दोघं घरी येतात. यात्रेला गेला असाल तर यात्रा लिहा. बाई रागावतील, पण पुढच्या वेळी तुमचा ताप खरा मानतील. आणि शाळांनी एक-दोन दिवसांसाठी पालकाचा शब्द, एक फोन, पुरेसा मानावा.

याचा अर्थ नाक वाहिलं की घरी, असाही नाही. ताप नाही, खातंय, खेळतंय, नुसती सर्दी आहे, तर रुमाल द्या आणि पाठवा. पण एक गोष्ट बघा. मूल रोज सकाळी "पोट दुखतं" म्हणतं आणि रविवारी दुखत नाही, तर ते खोटं बोलतंय असं लगेच ठरवू नका. शाळेत काहीतरी दुखतंय. कुणी मारत असेल, गणिताची धास्ती असेल. मुलीच्या बाबतीत तर शाळेचं स्वच्छतागृह वापरण्याजोगं नाही एवढंच कारण असू शकतं. त्यासाठी घरी ठेवून उपयोग नाही, शाळेत येऊन बोलावं लागतं.

त्या वर्षानंतर मी शंभर टक्के हजेरीचं बक्षीस बंद केलं. सहकाऱ्यांना ते पटलं नाही. हजेरी घसरेल, म्हणाले. मी जूनच्या सभेत पालकांना सांगू लागले, "ताप असेल तर ठेवून घ्या. मला फक्त निरोप द्या. राहिलेला धडा मी घेईन." आणि मूल परत आलं की "कुठं होतास इतके दिवस?" असं सगळ्या वर्गासमोर विचारायचं मी सोडून दिलं. शेजारी बसणाऱ्याची वही त्याच्यासमोर ठेवायची आणि दोन दिवस त्याला पळायला लावायचं नाही, एवढंच.

निरोप यायला लागले. कुणी मोठ्या बहिणीबरोबर, कुणी दूधवाल्याबरोबर. एकदा कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे एका वडिलांनी पेन्सिलने लिहिलं होतं: "बाई, पोराला ताप हाय. म्या घरी हाय त्याच्याजवळ. दोन दिस ठेवतो." ते पान मी त्या महिन्याच्या कॅटलॉगमध्ये, त्याच्या नावासमोरच्या दोन खाड्यांवर टाचणीने लावून ठेवलं.

नमस्कार.