टक्क्यांवर घेतलेली केस

नमस्कार श्रोतेहो.

अपघाताची भरपाई असो की रस्त्यात गेलेल्या जमिनीचा वाढीव मोबदला, कोर्टाच्या आवारात एक बोलणं हमखास कानावर येतं: "आत्ता काही देऊ नका, रक्कम आली की इतके टक्के." कर्ता माणूस गेलाय, घरात पैसा नाही; अशा वेळी ते ऐकून धीर येतो. अमेरिकेत ही पद्धत कायदेशीर आहे. तिथं अपघाताच्या दाव्यात वकील साधारण एक तृतीयांश रक्कम घेतो. दावा हरला तर त्याला फी नाही. तज्ज्ञांचा, कागदपत्रांचा खर्च बहुधा वेगळा वळता होतो. तो फीच्या आधी वळता करायचा की नंतर, यावर अशिलाच्या हातात किती पडणार ते ठरतं. मुलं तिकडे असतील तर त्यांच्या कानावर हे घाला.

आपल्याकडे मात्र ही मुभा नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या वर्तणूक नियमांतला विसावा नियम स्पष्ट आहे: वकिलानं निकालावर अवलंबून फी ठरवायची नाही, मिळालेल्या रकमेत वाटाही घ्यायचा नाही. तेलंगणातल्या एका बाईचा नवरा १९९८ साली मोटार अपघातात गेला. भरपाई मिळाली, वकिलानं दहा लाख फी घेतली आणि वर तीन लाखांचा चेक जबरदस्तीनं लिहून घेतला, असं तिचं म्हणणं. चेक वटला नाही, तेव्हा वकिलानंच तिच्यावर फौजदारी केस केली. सर्वोच्च न्यायालयानं २०१७ मध्ये ती रद्द केली आणि टक्केवारीची फी बेकायदा असल्याचं बजावलं.

गंमत अशी, की वकील नसलेल्या माणसानं दाव्याला पैसा पुरवून वाटा ठरवला, तर आपला कायदा त्याला सरसकट बंदी घालत नाही. महाराष्ट्रातल्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत अशा पैसे पुरवणाऱ्याचा उल्लेखसुद्धा आहे. वकिलाला मात्र मनाई, कारण निकालात त्याचाच पैसा गुंतला तर तडजोड कधी करायची याचा सल्ला तो कोणासाठी देतोय, हा प्रश्न उरतो. मला हा नियम पटतो. पण गरिबानं सुरुवातीचा पैसा आणायचा कुठून, याचं उत्तर त्यात नाही, हेही खरं.

म्हणून वकीलपत्रावर सही करण्याआधी फीचा आकडा कागदावर घ्या: एकूण किती, हप्ते कसे, अपील झालं तर वेगळी का. खर्च त्याहून निराळा. कोर्ट फी, समन्सची फी, नकला, टायपिंग, नोटरी. "किरकोळ" या एका शब्दाखाली बरंच काही खपतं, तेव्हा पावती मागायला लाजू नका. दावा "खर्चासह मंजूर" झाला तरी वकिलाला दिलेली सगळी फी परत मिळेल असं समजू नका. हुकूमनाम्यातला खर्च सहसा त्यापेक्षा बराच कमी असतो. लोकअदालतीत तडजोड झाली तर कोर्ट फी मात्र परत मिळते.

फी थकली म्हणून वकील तुमची कागदपत्रं अडवून ठेवू शकत नाही, असा २००० सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. फी त्यानं वेगळ्या मार्गानं वसूल करावी.

आणि पैसाच नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. स्त्रिया, मुलं, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग, औद्योगिक कामगार, कोठडीतले कैदी यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. फोन नंबर १५१००. त्या वकिलानं तुमच्याकडे पैसे मागितले, तर त्याच कार्यालयात लेखी तक्रार करा.