वाचणाऱ्यांचा हक्क

पहाटे पाचचं ठाणे स्टेशन, पश्चिम बाजू. टेम्पोतून वर्तमानपत्रांचे गठ्ठे उतरले की फूटपाथवरच पुरवण्या घालायला सुरुवात होते. डाव्या हाताने अंक उघडायचा, उजव्याने पुरवणी सरकवायची, की पुढचा अंक. उजाडलं की नौपाड्यातल्या, वर्तकनगरातल्या लाइनी, म्हणजे घरोघरचे अंक, टाकायच्या असतात.

ठाण्याला वर्तमानपत्र नवं नाही. १८६६ साली 'अरुणोदय' इथूनच निघू लागलं.

आपल्या राज्यघटनेत वृत्तपत्रस्वातंत्र्याचं वेगळं कलम नाही. कलम १९(१)(अ) तुम्हा-आम्हाला बोलण्याचं जे स्वातंत्र्य देतं, त्यातच ते येतं. संपादकाला नागरिकाहून वेगळा हक्क लागत नाही, ही घटना समितीत डॉ. आंबेडकरांची भूमिका होती. १० डिसेंबर १९४८च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात तर माहिती देण्याबरोबर ती मिळवण्याचाही हक्क आहे, आणि तो प्रत्येक माणसाचा आहे.

'सकाळ'चा खटला बघा. आठवड्याचे सहा दिवस मिळून ३४ पानं, अंकाची किंमत ७ नवे पैसे. १९६०च्या आदेशाने केंद्र सरकारने पानं किमतीला बांधून टाकली. तेवढीच पानं हवीत तर किंमत वाढवा, नाहीतर पानं कापा. किंमत वाढवली तर वाचक तुटणार, पानं कापली तर बातम्या जाणार. एका शब्दावरही बंदी न घालता गळा आवळायची ही सोय होती. 'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेलं. त्याच्यासोबत दोन वाचकांनीही याचिका केल्या. या सगळ्या प्रकरणात मला ते दोघे फार मोठे वाटतात. १९६१ मध्ये न्यायालयाने तो आदेश घटनाबाह्य ठरवला.

आज ठाण्याजवळच्या दिवा भागातलं पाणी, घोडबंदर रोडचे खड्डे, कुठलं तरी बेकायदा बांधकाम, या बातम्या स्थानिक वार्ताहर आणतो. अनेकांना पगार नसतो, बातमीमागे मानधन मिळतं. बांधकामाचा फोटो काढताना कोणी मोबाइल हिसकावला, तर त्याच्या पाठीशी कोण? पत्रकारांवरच्या हल्ल्यांविरुद्ध महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा केला: ३ वर्षांपर्यंत कैद, ५० हजारांपर्यंत दंड. पण त्यातली पत्रकाराची व्याख्या माध्यमसंस्थेतल्या नियमित किंवा कंत्राटी नोकरीला धरून आहे. बातमीमागे पैसे घेणाऱ्यालाही तिच्यात स्पष्टपणे घेतलं पाहिजे. ही मागणी फक्त पत्रकार संघटनांनी करून भागणार नाही. दिव्यातल्या, घोडबंदरच्या वाचकांनी ती आपापल्या आमदाराकडे न्यायला हवी.