पाचव्या आठवड्यातली गाठ

(ठाण्यात, नौपाड्यातल्या एका सभागृहात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन. वक्ते प्लास्टिक सर्जन आहेत.)

आजची पत्रिका तुम्ही बघितली असेल. विषय छापलाय, 'पुरुषांच्या आरोग्यातला एक नाजूक प्रश्न'. मी कळवलेला विषय होता, 'पुरुषांच्या स्तनांची शस्त्रक्रिया झाल्यावर आतला वण कसा भरतो'. तो तसाच्या तसा छापायला कमिटीतल्या काकांचा जीव धजला नाही. माझा काही राग नाही. माझ्याकडे येणारी मुलंसुद्धा तो शब्द तोंडातून काढत नाहीत. 'सर, ते छातीचं', एवढंच म्हणतात आणि दार नीट लागलंय ना, ते मागे वळून बघतात.

तर नाव घेऊन टाकू. गायनेकोमॅस्टिया. पुरुषाच्या छातीत दुधाच्या ग्रंथीचा जो इवलासा अंश असतो, तो वाढणं. वयात येणाऱ्या मुलांमध्ये हे सर्रास होतं आणि बहुतेकांचं दोनेक वर्षांत आपोआप विरून जातं. काहींचं विरत नाही. काहींना यकृताच्या आजाराने होतं, काहींना स्पायरोनोलॅक्टोनसारख्या औषधाने, आणि काहींना जिममधल्या कुणा 'दादा'ने दिलेल्या स्टेरॉइडच्या इंजेक्शनांनी. हा आजार काही आजकालचा नाही. त्यावरच्या शस्त्रक्रियेचं वर्णन सातव्या शतकात पॉल ऑफ एजिना या ग्रीक वैद्याने करून ठेवलंय. आज आम्ही स्तनाग्राच्या काळसर वर्तुळाच्या खालच्या कडेने अर्धचंद्रासारखा छेद घेतो. वेबस्टर नावाच्या सर्जनने तो १९४६ साली मांडला. काळी कातडी संपून उजळ सुरू होते तिथेच रेघ पडत असल्यामुळे वर्षभराने ती शोधावी लागते.

म्हणून बाहेरच्या वणाबद्दल मला फारसं बोलायचं नाही. माझी ओपीडी खाते ती आतली गाठ.

ऐरोलीचा एक मुलगा आठवतो. आठवतो म्हणजे, तो एकटा नाही, दर महिन्याला तो वेगळ्या चेहऱ्याने येतो. ऑपरेशननंतर दुसऱ्या आठवड्यात स्वारी खूश. छाती सपाट, आयुष्यात पहिल्यांदा एकाच बनियनवर शर्ट घातलेला. (आधी दोन घालायचा, मे महिन्यातसुद्धा.) आणि पाचव्या आठवड्यात तोच मुलगा खुर्चीवर बसायच्या आत म्हणतो, "सर, ते परत आलं."

हात लावून बघितलं. डाव्या स्तनाग्राच्या मागे सुपारीएवढं, सुपारीसारखंच टणक. कडा चपट्या. हात डोक्यावर घ्यायला सांगितला, तर स्तनाग्र किंचित आत ओढलं गेलं. "दिवसातून किती वेळा दाबून बघतोस रे?" तो गप्प. मग मोबाइल पुढे केला. रोजचा एक फोटो, बाथरूमच्या आरशातला, तारखेनिशी. घरात कुणालाच सांगितलेलं नव्हतं. आईला वाटत होतं, हर्नियाचं ऑपरेशन झालंय.

आता ही सुपारी आली कुठून? ग्रंथी काढली की तिथे पोकळी राहते. शरीराला रिकामी जागा खपत नाही. आधी तिथे थोडं रक्त, थोडा द्रव साचतो. पहिले चार-पाच दिवस सफाईचे : पांढऱ्या पेशी येतात, मोडतोड उचलतात. मग फायब्रोब्लास्ट येतात, त्याही पेशीच. नाव परकं असलं तरी काम गवंड्याचं. ते कोलॅजेन नावाचे प्रथिनाचे धागे घालायला लागतात, आणि घाईत घालतात.

घोडबंदर रोडवरून रोज जाणाऱ्यांना हे समजावून सांगायला नको. पावसात खड्डा पडला की आधी जे हाताला लागेल ते टाकतात. खडी, पेव्हर ब्लॉक, काहीही. तिथे उंचवटा होतो, गाडी आपटते, आपण शिव्या घालतो. पक्कं डांबर पावसाळा सरल्यावर. शरीराचंही असंच. पहिलं कोलॅजेन तिसऱ्या प्रकारचं, पातळ आणि कच्चं. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून ते काढून त्याजागी पहिल्या प्रकारचं, जाड आणि पक्कं, बसवायचं काम सुरू होतं. ते वर्षभर चालतं, कधी जास्तही. एक फरक मात्र आहे. आपल्या रस्त्यांचा पावसाळा कधी सरतो ते कुणीच सांगू शकत नाही, शरीराचं वेळापत्रक बरंचसं ठरलेलं असतं.

याच सुमारास आणखी एक गोष्ट होते. काही फायब्रोब्लास्टना स्नायूचा गुण येतो. ते आकसतात, आणि आकसताना आजूबाजूचं ओढून घेतात. पोकळी मिटायला हे हवंच. पण चौथ्या ते आठव्या आठवड्याच्या दरम्यान एकीकडे भरणा सगळ्यात जास्त आणि दुसरीकडे ओढ सगळ्यात जास्त, असं एकदमच होतं. बोटाला लागते ती टणक गाठ हीच. त्याआधीची सूज उतरलेली असते, म्हणून ती जास्तच जाणवते. दुसऱ्या आठवड्यात खूश असलेला मुलगा पाचव्यात रडवेला होतो तो यामुळे. मोठ्या गाठी मऊ व्हायला तिसरा महिना उजाडतो. सहाव्यापर्यंत बहुतेकांना ती शोधावी लागते. काहींना पूर्ण वर्ष लागतं.

या नव्या विणीत ताकद किती? आठवड्याने मूळ कातडीच्या ३ टक्के. तीन आठवड्यांनी २० ते ३०. तीन महिन्यांनी ८०च्या आसपास, आणि तिथेच थांबते. १०० कधीच होत नाही. मूळ कातडीतले धागे टोपलीसारखे एकमेकांत गुंतलेले असतात, वणातले बरेचसे एकाच दिशेने पडलेले. रफू कितीही बारीक केलं तरी उजेडात धरलं की दिसतं, तसं.

आणि ही रफू एकदा झाली की सुटलो, असंही नाही. १७४० साली ॲन्सन नावाचा इंग्रज दर्यावर्दी जहाजं घेऊन जगप्रदक्षिणेला निघाला. वाटेत त्याच्या माणसांना स्कर्वी झाला. त्यांत एक म्हातारा होता, ५० वर्षांपूर्वीच्या लढाईत जखमी झालेला. त्याचे ते जुने वण पुन्हा उघडले! क जीवनसत्त्वाशिवाय शरीराला पक्कं कोलॅजेन बांधता येत नाही, आणि वणातलं कोलॅजेन आयुष्यभर झिजत असतं, पुन्हा बांधलं जात असतं. म्हणून मी ऑपरेशननंतर महागडी पावडर लिहून देत नाही. आवळा, पेरू, डाळ, अंडी, खात असाल तर मासे. ठाण्यात मासे लिहून द्यायला डॉक्टर कशाला हवा, पण लिहितो.

आता मालीश. हा शब्द मी जपून वापरतो, कारण एकाने खरोखर तालमीतल्या वस्तादाकडून छाती रगडून घेतली होती. टाक्यांची जागा पूर्ण मिटल्यावर, साधारण दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यानंतर आणि तुमच्या सर्जनने हो म्हटल्यावरच सुरू करायचं. दोन बोटं, थोडं खोबरेल. बोटं कातडीवरून घसरवायची नाहीत. कातडी बोटांना चिकटलीय असं समजून ती खालच्या गाठीवरून हलवायची. गोल, मग वर-खाली. नखाचा रंग किंचित पांढरा होईल इतकाच दाब. पाच मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. ओढलं गेलेलं स्तनाग्र सुटं व्हायला याची खूप मदत होते. हळद मात्र ताज्या टाक्यांवर नको. आजींचा मान राखून सांगतो, ती दुधात घाला.

दाब देणारं घट्ट जॅकेट चार ते सहा आठवडे घालायला लागतं. आपल्याकडच्या घामात ते किती छळतं हे मला माहीत आहे. दोन विकत घ्या, एक वाळत टाका. आणि ट्रान्स-हार्बर लोकलने वाशीला जाणाऱ्यांनो, गर्दीत सॅक पुढे, छातीवर घ्यायची सवय असते ना, ती दीड महिना सोडा. लॅपटॉपचा कोपरा नेमका तिथेच रुततो.

तंबाखू. निकोटिनने बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि स्तनाग्राचा रक्तपुरवठा ऑपरेशननंतर आधीच अडचणीत असतो. 'मी ओढत नाही, नुसता मावा खातो' म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे तारीख पुढची देतो.

एक चूक माझीच सांगतो. सर्जन म्हणून नवा असताना एका मुलाची ग्रंथी मी अगदी चाटूनपुसून काढली. टेबलवर छाती इतकी सुरेख सपाट दिसली की मीच खूश. सहा महिन्यांनी वण आकसला आणि स्तनाग्राच्या जागी बशी झाली. खोलगट. कातडी आतल्या स्नायूला जाऊन चिकटलेली. मग पोटाची चरबी घेऊन ती भरावी लागली. तेव्हापासून स्तनाग्रामागे मी मुद्दाम एक पातळ चकती ठेवतो. टेबलवर ती जराशी जास्त वाटते. वणाला त्याचा वाटा द्यावा लागतो. पाचव्या आठवड्यात बोटाला लागणाऱ्या गाठीत ही चकतीही असते. हे ऑपरेशनच्या आधी सांगायला हवं, आणि आम्ही बरेचजण ते नंतर सांगतो. तक्रार आमच्याबद्दल करायची तर ही करा.

कितीही थांबलं तरी विरघळत नाही अशी गाठ असेल, तर ट्रायामसिनोलोन हे स्टेरॉइड थेट गाठीत थोडं थोडं टोचतात. हे जिमवालं स्टेरॉइड नव्हे, घाबरू नका. पण तेही जपून, कारण जास्त झालं तर पुन्हा बशी. बाहेरची रेघ लाल आणि जाड व्हायला लागली तर सिलिकॉनची जेल किंवा पट्टी, दिवसाचे १२ तास तरी, तीनेक महिने. आणि ऊन टाळा, नवा वण उन्हाने काळा पडतो. जाड झालेला वण जखमेच्या हद्दीत राहतो, केलॉइड नावाचा वण ती हद्द ओलांडून पसरतो आणि खाजतो. तुमच्या घरात कुणाला कान टोचल्यावर पाळीवर गोळा आला असेल, तर हे ऑपरेशनआधी मला सांगा.

सुश्रुतांनी जखमेचे ६० उपक्रम, म्हणजे उपचार, सांगितलेत. त्यांत जखम मिटल्यानंतरचेही आहेत : पांढरा पडलेला वण काळा करणं, काळा पडलेला उजळणं, त्यावर पुन्हा केस उगवणं. टाके काढले म्हणजे वैद्याचं काम संपलं, असं त्यांनाही वाटत नव्हतं.

थांबायचं कधी नाही, तेही ऐका. पहिल्या एक-दोन दिवसांत एकच बाजू फुग्यासारखी ताणली, निळी पडली, ठणकायला लागली, तर आत रक्त साचतंय. रात्रीचे दोन वाजले असतील तरी या. हात लावल्यावर पाणी डुचमळल्यासारखं वाटलं तर द्रव आहे, सुईने काढता येतो. ताप, लाली, पू हे वेगळं सांगायला नको. आणि सहा महिन्यांनंतर गाठ मऊ व्हायच्या ऐवजी वाढत असेल, तर ती वण नसून उरलेली ग्रंथी असू शकते. तेव्हा मी पहिला प्रश्न विचारतो, 'इंजेक्शनं पुन्हा सुरू केलीस का?' उत्तर ऐकायच्या आधी त्याचा चेहरा बघतो. इथे मागे बसलेल्या ज्येष्ठांसाठी एक वाक्य : ऑपरेशन वगैरे काही न होता छातीत एकाच बाजूला टणक गाठ लागली तर दाखवा. स्तनाच्या कर्करोगातले सुमारे १ टक्का रुग्ण पुरुष असतात, आणि ते उशिरा येतात, कारण लाज.

चिठ्ठ्या आल्यात. पहिलीवर नाव नाही, ते बरंच. 'पाच आठवडे झाले, उजवीकडे गाठ आहे, बधिरही आहे. पुन्हा ऑपरेशन लागेल का?' ज्याची असेल त्याने हात वर करू नये. बधिरपणा बहुधा काही महिन्यांत जातो, मध्ये मुंग्या येतील, त्या चांगल्या. ऑपरेशनचा विचार वर्ष होईपर्यंत नको. फोटो रोज काढू नकोस. महिन्यातून एक, त्याच जागी, त्याच उजेडात. दाबून बघायचं ते फक्त मालीश करताना. आणि घरात एका माणसाला खरं सांग.

दुसरी. 'ढोलपथकात आहे, जुलैच्या शेवटी ऑपरेशन झालंय, गणपतीत वाजवू शकतो का?' ढोल नाही. कमरेला बांधला तरी टोल मारताना सगळी ओढ छातीवर येते. ताशाचा पट्टा गळ्यातून छातीवर येतो, तोही नाही. ध्वज तर नाहीच नाही. सहा आठवडे झाले असतील आणि तुझ्या सर्जनने बघितलं असेल, तर झांज घे. पण खांद्याच्या वर न्यायची नाही. पथकप्रमुखांनी विचारलं तर सांग, हर्निया.